डिझायनर मंडळी, स्वतःचा लोगो नव्यानं करताय? आधी नाव नीट लिहा

लातूर, नांदेड, जालना, परभणी, कुठंही जा, कोचिंग क्लासचा लोगो, कृषी सेवा केंद्राचा बोर्ड, डेअरीची पिशवी, लग्नपत्रिका, हे सगळं आपलीच पोरं-पोरी करायलेत आणि चांगलं करायलेत. पण त्यांचं स्वतःचं कार्ड हातात घेतलं की त्याच्यावर पेन टूलची (कॉम्प्युटरवर रेषा काढायच्या अवजाराची) निब नाहीतर सात रंगांचं फुलपाखरू, आणि खाली नाव कुठल्यातरी वळणदार इंग्रजी फॉन्टात, तेही आडनावाशिवाय. मला हे मनापासून खटकतं, कारण तुमचं काम बघायच्या आधी माणूस तुमचं नाव कसं लिहिलंय ते बघतो आणि त्याच्यावरून मनात भाव ठरवून टाकतो.

माझं म्हणणं सरळ आहे. एकट्यानं काम करणाऱ्या डिझायनरला चिन्हाची गरज फार कमी वेळा असते. त्याचं नाव, देवनागरीत, स्वतः बसून नीट काढलेलं, हाच त्याचा लोगो. बाकी रंग, कार्ड, बोर्ड, डीपी सगळं त्या नावामागनं येतं. खाली जे लिहिलंय ते ह्याच क्रमानं.

बदलायचा की नाही

कंटाळा आला म्हणून बदलू नका. तुम्हाला तुमचा लोगो रोज दिसतो म्हणून जुना वाटतो, गिऱ्हाइकाला तो वर्षात दोन-चारदा दिसतो, त्याची आता कुठं ओळख बसायलेली असते. बदलायचं खरं कारण म्हंजे काम बदललं. आधी वाढदिवसाचे बॅनर आणि पत्रिका करायचात, आता शेतकरी उत्पादक कंपनीच्या तूरडाळीचं, हळदीचं पॅकेजिंग मिळायलंय, डॉक्टर लोकं हॉस्पिटलचं सगळं ब्रँडिंग विचारायलेत, आणि जुन्या लोगोवर अजून 'ग्राफिक्स अँड फ्लेक्स' लिहिलेलं आहे. किंवा भागीदारी सुटली. किंवा त्याच गावात तुमच्या नावासारखंच दुसरं दुकान निघालं. किंवा लोगो छोटा केला की वाचताच येत नाही. आणखी एक आपल्या भागातलं कारण, लोगोतच गावाचं नाव बसवलेलं. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव झालं, आणि ज्यांनी गाव लोगोच्या आत घातलं होतं त्यांना सगळंच नव्यानं छापायला लागलं. गाव पत्त्यात टाका, लोगोत नको. उद्या तुम्हीच पुण्याला गेलात तरी लोगो तोच राहिला पाहिजे.

ठरवायच्या आधी जुना लोगो कुठं कुठं लागलाय त्याची यादी काढा. बोर्ड, बिलबुक, रबरी शिक्का, व्हॉट्सअॅपचा डीपी, इन्स्टा, ईमेलच्या खालची सही, गाडीवरचं स्टिकर. आणि एक जागा सगळे विसरतात, फ्लेक्सच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात डिझायनरचं नाव आणि मोबाईल नंबर जातो ती. चौकात लागलेल्या बॅनरवरची ती पट्टी म्हंजे तुमची सगळ्यात जास्त लोकांनी बघितलेली जाहिरात. तिच्यात लोगो वाचता येतो का हे रस्त्याच्या पलीकडं उभं राहून बघा, तिथंच अर्धा निकाल लागतो.

स्वतःला गिऱ्हाईक समजा

म्हंजे ब्रीफ, काय पाहिजे आणि कशासाठी त्याचा कागद, लिहायचा, तारीख ठरवायची, आणि बजेट बाजूला काढायचं. दुसऱ्याच्या कामाला जो वेळ देता तो स्वतःला दिला नाही तर हे काम वर्ष-वर्ष लोंबकळतं.

ब्रीफसाठी पाच-सात जुन्या गिऱ्हाइकांना व्हॉट्सअॅपवर व्हॉइस मेसेज टाका, एकच प्रश्न विचारा, "दादा, दुसऱ्याला माझं नाव सांगताना तुम्ही काय म्हणून सांगता?" ताई असल्या तर ताई म्हणा, पण प्रश्न एवढाच ठेवा. लोकं लिहून देत नाहीत, बोलून मात्र बरोबर सांगतात. कुणी म्हणेल, "वेळेवर देतो", कुणी म्हणेल, "मराठी अक्षर चांगलंय त्याचं", कुणी म्हणेल, "स्वस्तात करून देतो". ते शब्द जसेच्या तसे कागदावर उतरवा. मग शेजारी लिहा की पुढच्या तीन वर्षांत तुम्हाला कोणतं काम पाहिजे आणि कोणतं सोडायचंय. दोन्हींत जे अंतर दिसतं तेवढंच नव्या लोगोनं भरून काढायचंय. 'स्वस्तात' हा शब्द परत परत आला तर लोगोच्या आधी दरपत्रक बदला, नुसत्या लोगोनं ते होणार नाही.

वेळेचं सांगतो. लग्नसराईत हे काम हातात घेऊच नका. आपल्याकडं गणपती उठले की पितृपक्ष लागतो, त्या पंधरवड्यात कुणी नव्या दुकानाचं उद्घाटन ठेवत नाही, बोर्डांची कामं थंड असतात. तो पंधरवडा अक्षरांना द्या, नवरात्राचे नऊ दिवस छपाईच्या चाचण्यांना आणि फाइलींना द्या, आणि दसऱ्याला लोगो बाहेर काढा. तारीख सणाची असली की पुढं ढकलता येत नाही, आणि त्या दिवशी लोकंही नवीन गोष्ट आनंदानं बघतात.

अक्षर

हा भाग मी लांब लिहिणारय कारण सगळं काम इथंच आहे.

कॉम्प्युटर बंद करा. कटनिब घ्या, नाहीतर बोरू, नाहीतर साधं चपट्या टोकाचं मार्कर, आणि वहीभर नुसतं स्वतःचं नाव लिहा. सुरुवातीची पानं शाळेतल्यासारखी येतील, मग हात सुटेल. लिहिता लिहिता लक्षात येतं की प्रत्येक नावात एखादी जागा अशी असते जिथं डोळा थांबतो, कुणाच्या नावात रफार असतो, कुणाच्या ळ, कुणाच्या ज्ञ किंवा क्ष, कुणाच्या लांब वेलांटी जी मागच्या अक्षरावरनं फिरवता येते. त्या एका जागेवर मेहनत घ्या, बाकीची अक्षरं शांत ठेवा. सगळीच अक्षरं नाचायला लागली की नाव वाचायला जड जातं.

डोळा तयार करायला कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची शीर्षकं कशी काढलीत ते शोधून बघा, नाटकाचा स्वभाव नुसत्या अक्षरांत उतरवलाय. र. कृ. जोशी आणि अच्युत पालव या सुलेखनकारांचं कामही बघा. नक्कल करायची नाही, एवढंच बघायचं की जाड-बारीक कुठं होतंय आणि का.

शिरोरेषा काढायची का, हा प्रश्न सगळ्यांना पडतो, कारण काढली की लोगो लगेच मॉडर्न दिसतो. पण ध आणि घ, भ आणि म यांच्यातला फरक बऱ्याच अंशी वरच्या रेषेवरच टिकलेला असतो. रेषा गेली की धनंजयचा घनंजय वाचला जातो. तुमच्या नावात ही अक्षरं नसतील तर खुशाल काढा, असतील तर निदान त्या अक्षरावर रेषेचा तुकडा ठेवा. तसंच ख, अंतर चुकलं की तो 'रव' दिसतो.

आता ल आणि श. मराठीत पाकळीचा ल आणि देठाचा श लिहितात, राज्य सरकारच्या २००९ च्या शासन निर्णयातही हीच रूपं दिलेली आहेत. पण बरेच देवनागरी फॉन्ट उघडले की हिंदी वळणाचा ल आणि श पुढं येतो, आणि शीतल, विशाल, शैलेश अशी नावं असतील तर सगळ्या नावाचा तोंडवळाच बदलतो. नव्या फॉन्टांत पुष्कळदा मराठी रूप आत असतं, मजकुराची भाषा मराठी निवडली किंवा ग्लिफ पॅनल, म्हंजे फॉन्टातल्या सगळ्या आकारांचा तक्ता, उघडलं की सापडतं. टिरो देवनागरी मराठी हा तर खास मराठी वळणाचाच फॉन्ट आहे, फुकट मिळतो. आडनाव कऱ्हाडे किंवा गोऱ्हे असलं तर तो अर्धा र नीट आलाय का बघा, त्याच्यासाठी साधा र टाइप करून चालत नाही, खाली टिंब असलेला ऱ आणि मग हलन्त लागतो.

हाताने काढलेलं स्कॅन करून पेन टूलनं उचलायचं की फॉन्ट घेऊन त्याच्यात बदल करायचे, दोन्ही चालतं. फॉन्ट घेणार असाल तर 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचे मुक्त आणि बालू, इंडियन टाइप फाउंड्रीचा पॉपिन्स, नोटो सान्स देवनागरी, हे सगळे खुल्या परवान्याचे आहेत, व्यवसायाला वापरता येतात. चोरलेला फॉन्ट स्वतःच्या लोगोत तरी घालू नका, उद्या तुम्हीच दुसऱ्याला सांगणारय की माझं डिझाईन उचलू नको म्हणून.

इंग्रजी नाव त्याच्यानंतर. देवनागरीत वर मात्रा-वेलांटी-रफार आणि खाली उकार असतात, म्हंजे उंचीला तीन मजले लागतात, रोमनचं तसं नाही. त्याच्यामुळं दोन्ही एकाच पॉइंट साइजला ठेवले तर जुळत नाहीत. मी देवनागरीच्या मधल्या पट्ट्याची उंची, म्हंजे शिरोरेषेपासून पायापर्यंतची, इंग्रजी कॅपिटलपेक्षा किंचित कमी आणि स्मॉल अक्षरांपेक्षा जास्त ठेवतो, मग काड्यांची जाडी डोळ्यानं जुळवतो, आकड्यानं नाही. आणि मराठी वर, इंग्रजी खाली. दुकान घेऊन बसलेल्यांना तर हे कायद्यानंच आलंय, २०२२ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात लहान आस्थापनांनाही मराठी पाटी लागते आणि मराठी अक्षरं दुसऱ्या भाषेच्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत.

मोर, लेणी, मोडी

मराठवाड्यातला आहे म्हटलं की हात आपोआप पैठणीच्या मोराकडं, वेरूळच्या कैलासाकडं, अजिंठ्याच्या पद्मपाणीकडं जातो. प्रेम समजतं, मलाही आहे. पण त्यानं तुमचं गाव कळतं, तुमचं काम कळत नाही, आणि तेच चित्र हॉटेलवर, ट्रॅव्हल्सवर, शाळेवर आधीच लागलेलं असतं. घ्यायचंच असेल तर चित्र न घेता रचना घ्या. पैठणीतली नक्षी धाग्यात धागा अडकवून विणतात, त्याच्यामुळं तिच्या कडा जवळून पायऱ्या-पायऱ्यांच्या दिसतात, ती पायरी तुमच्या अक्षराच्या टोकाला आली तर ओळखणारा ओळखतो आणि न ओळखणाऱ्यालाही छान दिसते. मोडीचं म्हणाल तर दिसायला फार देखणी आहे, पण आज फार थोड्यांना वाचता येते. कार्डाच्या मागच्या बाजूला, पिशवीवर नक्षी म्हणून वापरा, नावासाठी एकटी मोडी ठेवू नका.

वाईटातल्या वाईट जागी लावून बघा

लोगो कॉम्प्युटरवर भारीच दिसतो. त्याला नखाएवढ्या गोल डीपीत टाका, मोबाईल हातभर लांब धरा. पूर्ण नाव तिथं बसत नाही, म्हणून पहिलं अक्षर किंवा ती तुमची खास जागा असलेलं अक्षर वेगळं काढून ठेवा. एका रंगात काळा प्रिंट काढून त्याची झेरॉक्स, आणि झेरॉक्सची परत झेरॉक्स काढा, बारीक रेषा किती टिकतात ते दिसतं. शिक्केवाल्याकडनं एक शिक्का करून घ्या, शाईत जोडाक्षरांच्या आतल्या मोकळ्या जागा बुजतात. विनाइल कटिंगवाल्याला एक स्टिकर कापायला सांगा. बोर्डाला अॅक्रेलिकची एलईडी अक्षरं करणार असाल तर करणाऱ्याला आधीच विचारा की त्याच्या एलईडीला कमीत कमी किती जाड काडी लागते, कारण बारीक काडीत लाइट बसत नाही आणि मग तो स्वतःच्या मनानं अक्षर फुगवतो.

रंग पडद्यावर ठरवू नका. चमकदार निळा, पोपटी, गुलाबी हे आरजीबीत, म्हंजे पडद्याच्या रंगांत, उठून दिसतात आणि सीएमवायके, म्हंजे छपाईच्या शाईचे, झाले की मेल्यासारखे होतात. फ्लेक्सवाल्याकडं दुसऱ्या कामाच्या कडेला जो रिकामा फ्लेक्स वाया जातो त्याच्यावर तुमच्या रंगाच्या आठ-दहा छटांची पट्टी मारून मागा, खाली आकडे लिहा, आणि ती पट्टी गच्चीवर उन्हात बांधून ठेवा. आपल्याकडचं एप्रिल-मेचं ऊन चाळीसच्या वर जातं, पिवळा आणि मॅजेंटा (गडद गुलाबी) आधी उडतात, म्हणून जुने बॅनर निळसर पडलेले दिसतात. जी छटा उडूनही ओळखू येते ती घ्या. आणि भगवा, निळा, हिरवा ह्या रंगांना आपल्याकडं आधीच अर्थ चिकटलेले आहेत, तुम्हाला सगळ्यांचं काम करायचं असेल तर हे डोक्यात ठेवून निवडा.

फाइलींचं

इलस्ट्रेटर ह्या डिझाईनच्या सॉफ्टवेअरमध्ये वेलांटी भलतीकडं जाते किंवा जोडाक्षर तुटतं तेव्हा फॉन्टचा दोष नसतो. प्रेफरन्सेसमध्ये टाइपमध्ये जाऊन इंडिक ऑप्शन्स चालू करा, मग पॅराग्राफ पॅनलच्या मेनूतनं मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन कंपोजर निवडा. श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टात नाव टाइप केलं असेल तर कर्व्ह केल्यावर, म्हंजे अक्षरांचा नुसता आकार केल्यावर, लोगोला फरक पडत नाही, पण वेबसाइट, ईमेल, इन्स्टाचा मजकूर युनिकोडमध्येच, म्हंजे सगळीकडं चालणाऱ्या मराठी टाइपिंगमध्येच, टाका, नाहीतर कॉपी केल्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी येते आणि गुगललाही सापडत नाही.

कोरल ह्या डिझाईनच्या सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल-क्यू मारून कर्व्ह केलं की काम संपत नाही. देवनागरी फॉन्टात प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर थोडी चढलेली असते. नुसतं काळं भरलेलं असेल तर दिसत नाही, पण आउटलाइन दिली की मध्ये मध्ये उभ्या चिरा दिसतात, आणि विनाइल कटर तर तिथनंच कापतो. म्हणून कर्व्ह केल्यावर सगळं वेल्ड करा, म्हंजे एकत्र जोडा, मग वायरफ्रेममध्ये, म्हंजे नुसत्या कडा दिसतात तिथं, उघडून एकसंध झालंय का बघा. कर्व्ह न केलेली एक प्रत वेगळी ठेवा.

शेवटी एक फोल्डर ड्राइव्हवर, त्याच्यात सीडीआर (कोरलची फाइल) जुन्या व्हर्जनमध्ये सेव्ह केलेली कारण बऱ्याच फ्लेक्सच्या दुकानांत जुनंच कोरल चालतं, पीडीएफ, एसव्हीजी, पारदर्शक पीएनजी, पांढरा लोगो वेगळा, एका रंगाचा वेगळा. व्हॉट्सअॅपवर पाठवताना फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

कार्ड साडेतीन बाय दोन इंच, चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारी जादा छपाई). एका बाजूला मराठी नाव आणि तुम्ही काय करता ते एका ओळीत, दुसऱ्या बाजूला इंग्रजी आणि नंबर. सेवांची यादी छापू नका, तुमच्याकडं कार्ड, कॅलेंडर, मग, टी-शर्ट सगळं होतं हे वाचून कुणी मोठं काम देत नाही. क्यूआर टाकला तर चारी बाजूंनी पांढरी जागा सोडा आणि मधोमध लोगो बसवायचा असेल तर एरर करेक्शन सगळ्यात वरचं घ्या, त्याच्यात साधारण ३० टक्के भाग खराब झाला तरी कोड वाचला जातो, तरी लोगो त्याच्यापेक्षा बराच लहान ठेवा.

कागदपत्रं आणि दसरा

नाव नवीन असेल तर छापायच्या आधी आयपी इंडियाच्या साइटवर ट्रेडमार्क सर्च करा, फुकट आहे. ग्राफिक डिझाईनची सेवा वर्ग ४२ मध्ये येते. एकट्या माणसाला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला ४,५०० रुपये आहे, नोंदणी १० वर्षं चालते, मग नूतनीकरण. टीएम अक्षरं नोंदणीशिवाय लावता येतात, गोलातला आर मात्र नोंदणी झाल्यावरच, आधी लावणं गुन्हा आहे. नुसता लोगो बदलला तर कुठं कळवायची गरज नाही, पण व्यवसायाचं नावच बदललं तर जीएसटी, उद्यम (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) आणि बँक खातं तिन्हीकडं बदल करा, नाहीतर बिल एका नावाचं आणि खातं दुसऱ्या नावाचं, आणि कंपनीवाले पेमेंट अडवून ठेवतात.

दसऱ्याला सकाळी सगळीकडं एकदम बदला. डीपी, इन्स्टा, गुगलवरचं बिझनेस प्रोफाइल, ईमेलची सही. बोर्ड आदल्या दिवशी लावून झाकून ठेवा. जुनं बिलबुक संपेपर्यंत वापरायचा मोह सोडा, निदान शिक्का तरी नवीन मारा. गिऱ्हाइकांना मेसेज छोटा टाका, "दसऱ्याच्या शुभेच्छा. आजपासून आपल्या कामाची ओळख ह्या नव्या अक्षरांत. नंबर तोच आहे. यापुढं पॅकेजिंग आणि ब्रँडिंगचीच कामं घेणार आहे." शेवटचं वाक्य तुमच्या ब्रीफमधनं घ्या, आणि त्याच दिवशी पोर्टफोलिओतनं जी कामं आता नकोत ती काढून टाका, कितीही चांगली झाली असली तरी.

वहीतली पानं, स्कॅन, उन्हात उडालेली रंगांची पट्टी, शिक्क्याचा ठसा, ह्या सगळ्याचे फोटो काढून दहा-बारा पानांची एक पीडीएफ करून ठेवा. पुढच्या वेळी कुणी विचारलं की, "नुसतं नाव लिहायचं तर आहे, एवढे पैसे कशाचे?" तर ती पाठवा, आणि कोटेशन तिच्या शेवटच्या पानावर जोडा.